गार वाऱ्याचे बटण

ज्याच्या तोंडून आता फक्त गार वारा निघतो, असा मी केस वाळवायचा एक जुना ड्रायर आहे. मित्रांनो, नीट बसा. पाय आवरून घ्या आणि चुळबुळ थांबवा. माझा आवाज जन्मापासूनच मोठा. पण आज जे सांगायचे आहे ते मोठ्याने सांगण्यासारखे नाही, म्हणून तुम्हीच जरा पुढे सरका.

ज्या काळी वस्तू टिकण्यासाठी घडवीत, त्या काळात माझी घडण झाली. माझ्या पोटात तारेचे घट्ट वेटोळे बसवले, त्यामागे पंखा, आणि वरून जाड काळे कवच. हल्लीच्या ड्रायरांसारखे माझे वजन भातुकलीतले नव्हते. मला धरणाऱ्याचे मनगट भरून येई, आणि मला त्याचा अभिमान होता. माझ्या मुठीवर दोन कळा होत्या. एक वाऱ्याची, एक उष्णतेची; ती अगदी खाली असली तरी थोडी ऊब येईच. त्यांच्या खाली एक छोटे निळे बटण. ते दाबून धरले की तार निवते आणि गार वारा येतो. बोट उचलले की पुन्हा ऊब. हे बटण लक्षात ठेवा. मी ते नीट लक्षात ठेवले नाही, म्हणून तुम्हाला बजावतो आहे.

मला विकत घेतले ते एका पार्लरच्या मालकीणबाईंनी. घराच्या पुढच्या खोलीत तीन खुर्च्या, दोन आरसे आणि एक बाकडे, एवढाच त्यांचा संसार. पण त्या खोलीत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. "मान खाली. अजून खाली. फरशीवर काय सांडलंय ते बघ," असे त्या म्हणत, आणि बँकेतल्या मोठ्या अधिकारी बाईसुद्धा निमूटपणे फरशी बघत बसत. माझ्या गरम वाऱ्याने किती डोकी वाळली याची मोजदाद नाही. "याच्या वाऱ्यात दम आहे हो," असे गिऱ्हाइके म्हणत तेव्हा माझी तार आणखीच लाल होई. ऊब म्हणजे मी, आणि मी म्हणजे ऊब, अशी माझी पक्की समजूत झाली. निळे बटण मालकीणबाई अगदी शेवटी, केसांचे वळण पक्के करायला, क्षणभर दाबत. मला ते आवडत नसे. ताटावरून उठवल्यासारखे वाटे.

मालकीणबाईंचे यजमान क्रेनवर होते. सगळे त्यांना बाबाच म्हणत, मीही तेच म्हणतो. बांधकामावरची उंच क्रेन ते चालवीत. दहाव्या मजल्याइतक्या उंचीवरच्या काचेच्या खोलीत बसून लोखंडाचा भारा खाली असा उतरवीत, की खालच्या माणसाच्या विडीची राख हलू नये. त्यांचा सगळा मान त्या दोन हातांत होता. सुट्टीच्या दिवशी तेच हात रिमोटवर चालणारी मोटारगाडी पळवीत. हातभर लांबीची, रुंद चाकांची गाडी. पिस्तुलासारखा रिमोट, त्याला वेगाचा घोडा आणि वळवायला छोटे चाक. जुन्या मालधक्क्यामागे चिखलमातीचा एक वळणावळणाचा रस्ता या छंदी लोकांच्या क्लबाने तयार केला होता, तिथे ते जात.

एका पावसाळी दुपारी ते चिखलाने माखलेली गाडी घेऊन थेट पुढच्या खोलीत आले आणि त्यांनी मला उचलले.

"अहो! तो माझा ड्रायर आहे!"

"मग? केस नाहीत म्हणून गाडीनं ओलंच बसायचं?"

"एक कण जरी चिखल माझ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात गेला ना, तर पुढची हजामत तुमची. बिनपाण्याची."

बाकड्यावरच्या बायका खो खो हसल्या. मी मात्र संतापलो होतो. मी केसांचा ड्रायर. माझ्यापुढे हे चिखलाचे गोळे! आणि वर बाबांनी उष्णतेची कळ वर केलीच नाही. निळे बटण अंगठ्याने दाबून धरले ते धरलेच. पाऊण तास! आयुष्यात माझा एवढा पाणउतारा झाला नव्हता.

पुढे मालकीणबाईंनी गुलाबी, हलका, नवा ड्रायर आणला आणि मला मागच्या खोलीतल्या बाबांच्या टेबलावर कायमचे धाडले. पाऊण तास बटण दाबून अंगठा दुखतो म्हणून बाबांनी कपड्यांना लावायचा एक लाकडी चिमटा त्या बटणावर बसवला. त्या दिवसापासून तो चिमटा माझ्या अंगाचाच झाला. "माझ्या ड्रायरला चिमटा काढला की हो यांनी," असे मालकीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी मान खाली घालून गार वारा सोडत असे.

पण मित्रांनो, खरे सांगायचे तर त्या टेबलावरची वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत शहाणी वर्षे होती. बाबांचा शिरस्ता असा: ओली गाडी घरी आली की आधी गाडी, मग माणूस. स्वतःच्या डोक्यावरून पाणी गळत असले तरी चालेल. प्रथम बॅटरी काढायची. मग वरचे रंगीत कवच, मग चाके. रबरी टायरच्या आत स्पंज असतो आणि तो पाणी पिऊन गप्प बसतो. म्हणून टायर दाबून, पिळून, भोकातून पाणी काढायचे. केसांना रंग लावायच्या जुन्या ब्रशाने सांधी झाडायच्या. पार्लरच्या फाटक्या टॉवेलने टिपायचे. मग माझा गार वारा. गरम वाऱ्याने प्लॅस्टिक मऊ पडते, आतले ग्रीस पातळ होऊन वाहून जाते, आणि वरचे तेवढे झटपट वाळून आतले पाणी आतच राहते.

आणि मग खरे काम. प्रत्येक चाकाच्या दांड्यावर बोराएवढी दोन बेअरिंगे असतात. त्यांच्या पोटात बारीक छर्रे असतात आणि त्यांच्यावर चाक फिरते. बाबा प्रत्येक बेअरिंग बाहेर काढीत, करंगळीवर चढवून कानाशी नेत आणि टिचकीने फिरवीत. "बोलतंय का बघू," असे पुटपुटत. बेअरिंग कुरकुरले की त्यात पाणी. ते वाळवायचे, केस कापायच्या मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, पुन्हा कानाशी. ते गप्प झाले की काम झाले. मग सगळे उघडेच ठेवायचे, दुसऱ्या दिवशीपर्यंत. ओल्या गाडीला खोक्यात कोंडायचे नाही.

क्लबातले लोक त्यांना हसत. "अहो, वॉटरप्रूफ आहे की गाडी! खोक्यावर छापलंय."

"छापलंय ते आतल्या विजेच्या डबीसाठी," बाबा म्हणत. "बेअरिंगनं ते अजून वाचलेलं नाही."

या सगळ्यात त्यांच्या शेजारी असे त्यांची एकुलती एक लेक. एका जागी दोन मिनिटे टिकत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. ती मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला लागली, तरी नाव भिंगरीच राहिले. गाडी चालवण्यात ती बाबांच्याही पुढे गेली. पण उघडणे, वाळवणे, कान लावणे हे बाबांचे. त्या तासा-दीड तासात बापलेकीची जी बोलणी होत, ती घरात दुसरीकडे कुठे होत नसत. माझ्या घरघरीत त्यांना मोकळे वाटे. मी त्यातले काही कधी बाहेर सांगितले नाही.

मग बाबांचे हात कापू लागले. प्रथम थोडेसे, चहाच्या कपात दिसेल इतकेच. डॉक्टर म्हणाले, औषधाने आवरेल, जाणार नाही. हात वापरत राहा. क्रेन मात्र सुटली. कंपनीने हार घातला, बाबा तो हार पिशवीत घालून घरी आले आणि पार्लरच्या बाकड्यावर बराच वेळ बसून राहिले. मालकीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवून केस कापून दिले, एवढेच.

आता त्यांच्या हाताला उरले ते दोन मान: हे टेबल, आणि क्लबाचा पहिला फेरा. हा फेरा काय तेही सांगतो. दर वर्षी शर्यती सुरू होण्याआधी क्लबातला सर्वांत जुना गडी एकट्याने एक फेरा मारी. स्पर्धा नाही, वेळ नाही. सगळे गप्प उभे राहून बघत. फेरा पुरा झाला की त्याचे नाव त्या वर्षीच्या चालकांच्या यादीत पहिले लागे. आणि नियम असा, की गाडी मध्येच थांबली तर तिला दुसऱ्याने हात लावायचा नाही; ज्याची त्यानेच जाऊन आणायची. त्या वर्षी तो फेरा बाबांचा होता. महिनाभर ते रिमोटचा घोडा नुसताच दाबून सराव करीत. दाबला की बोट स्थिर राही. "क्रेनचं बोट आहे," ते म्हणत, "कामाला लागलं की थरथर विसरतं."

फेऱ्याच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. भिंगरीने भर पावसात गाडी पळवली होती, आणि दोघे चिंब होऊन घरी आले. बाबा टेबलाशी बसले. त्या दिवशी हात फारच वाईट होता. स्क्रूंची वाटी एकदा सांडली. भिंगरीने गोळा करून दिली. पुन्हा सांडली. तेवढ्यात पार्लरमधली एक गिऱ्हाईक बाई पाणी मागायला दारात आली होती, ती म्हणाली, "अगं बाई, किती कापतोय हात!" बाबांनी हात टेबलाखाली घेतले.

भिंगरीने ते पाहिले. "बाबा, उठा तुम्ही. आंघोळ करा. मी करते आज."

"तुला दुकानात जायचंय ना? संध्याकाळची पाळी आहे."

"होतं हो. अर्ध्या तासात करते. मला काय येत नाही का?"

बाबा उठले. दारापर्यंत जाऊन वळले. "सगळं उघड हं."

"हो हो."

मी तिला दोष द्यायला बसलेलो नाही. तिला बापाची लाज राखायची होती, हे खरे. तिला थंडी वाजत होती, पाळीला उशीर होत होता, हेही खरे. तिने मला हातात घेतले, चिमटा काढून टेबलावर टाकला आणि उष्णतेची कळ शेवटपर्यंत वर केली.

आणि इथे माझा गुन्हा येतो. मी काय करायला हवे होते? घरघरून थांबायला हवे होते, ठिणगी उडवायला हवी होती. पण मला आनंद झाला! किती वर्षांनी माझ्या तारेला लाल होऊ दिले होते! मी सगळा दम लावला. दहा मिनिटांत कवच कोरडे, सांगाडा कोरडा, टायरचे रबर कोरडे आणि ऊबदार. गाडी अशी चमकली की आताच दुकानातून आणली असावी. चाकांच्या आत पाणी बसले होते, ते मला ठाऊक होते. मी त्याच्यावर सुंदर कोरडे झाकण घातले.

बाबा आंघोळ करून आले. त्यांनी तळवा गाडीवर ठेवला.

"वाळली?"

"खडखडीत."

"बेअरिंग काढून बघितलीस ना?"

भिंगरी चपला घालत होती. तिने वर पाहिले नाही. "हो, बघितली."

बाबांनी मान डोलावली. त्यांनी तपासले नाही. पोटच्या पोरीचा शब्द तपासायचा असतो, हे त्यांच्या डोक्यात आलेच नाही. आणि गाडी वाळलीच आहे म्हणून त्यांनी ती खोक्यात ठेवली.

फेऱ्याच्या दिवशी आकाश स्वच्छ होते. मीही पिशवीत होतो; माझ्याशिवाय बाबा कधी जात नसत. क्लबाच्या चिटणीसाच्या गळ्यात कायम शिट्टी असे आणि नावही तेच पडले होते. त्या शिट्टीने शिट्टी वाजवली आणि पन्नासएक माणसे गप्प झाली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून रस्त्यालगतच्या चालकांच्या चौथऱ्यावर उभे होते. त्यांनी घोडा दाबला. मी शपथेवर सांगतो मित्रांनो, बोट हलत नव्हते. गाडी सरळ गेली, पहिले वळण तिने लोण्यासारखे घेतले. दुसऱ्या वळणावर मागून एक बारीक किंकाळी आली. मागचे डावे चाक थरथरले, अडकले, गाडी गर्रकन फिरली आणि आडवी झाली.

बाबांनी हाताकडे पाहिले. गाडीकडे नाही, हाताकडे.

नियमाप्रमाणे कोणी हलले नाही. ते चौथऱ्यावरून उतरले, चांगले बूट चिखलात घालत चालत गेले, गाडी उचलून काखेत घेतली आणि तेवढेच अंतर परत आले. रिमोट त्यांनी शिट्टीच्या हातात दिला.

"माझं नाव नका लावू यादीत. हात गेला आता."

"अहो बाबा, एखाद्या वेळी होतं..."

"हात गेला," बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी भिंगरीने गाडी उघडली. मागच्या डाव्या चाकाची दोन्ही बेअरिंगे गंजून दगड झाली होती. बाहेर काढताना चहाच्या रंगाचे पाणी टेबलावर सांडले. मग तिने दोन नवी बेअरिंगे बसवली आणि जुनी दोन चष्म्याच्या डबीत घालून डबी कपड्यांखाली ठेवून दिली. बाबा बाहेर बाकड्यावर होते. चार पावलांचे अंतर. ती गेली नाही.

उद्या सांगेन, असे तिने ठरवले असणार. असा उद्या रोज उजाडत असे आणि रोज मावळत असे. इकडे बाबांनी एकेक काम हातातून खाली ठेवायला सुरुवात केली. दाढी करायला मालकीणबाईंना सांगू लागले. सदऱ्याची बटणे लावणे सोडून दिले. टेबलाशी येणे बंद झाले. कोणी काही धरायला दिले की म्हणत, "नको, हात गेलाय माझा," जणू हात परगावी गेला आहे आणि त्याचे पत्रही येत नाही. मी फळीवर धूळ खात होतो. माझ्या चिमट्यावर कोळ्याने जाळे विणले. सात महिने गेले, आठवा लागला.

डबी सापडली ती मालकीणबाईंना, पिना शोधताना. त्यांना यंत्रातले काही कळत नसे, पण लपवलेली वस्तू कळत असे. त्यांनी लेकीला मागच्या खोलीत बोलावले, डबी उघडून टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घातली.

"हे काय आहे?"

भिंगरीने सांगितले. रडत, अडखळत, सगळे.

"म्हणजे हे आठ महिने मी यांची दाढी करतेय ती तुझ्या एका 'हो'पायी?"

"आई, मी सांगणारच होते गं. त्यांना काय वाटेल..."

"त्यांना काय वाटतंय ते मी रोज बघतेय. जा. बाहेर बसलेत. चहा घेऊन जाऊ नकोस, गोडगोड बोलू नकोस. डबी ने आणि सांग."

ती गेली. दार उघडे होते म्हणून मला ऐकू आले. तिने बाबांना सगळे सांगितले. मग त्यांनी डबीतले एक बेअरिंग घेतले, करंगळीवर चढवायचा प्रयत्न केला. तिने चढवून दिले. त्यांनी ते कानाशी नेले आणि टिचकी मारली. ते फिरले नाही.

"मागचं डावं," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"म्हणजे घोडा मी बरोबर दाबला होता."

"बरोबर दाबला होता. तुमचं काही चुकलं नव्हतं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते उठून आत आले आणि म्हणाले, "रिमोट दे." दारापुढच्या गल्लीत भिंगरीने गाडी ठेवली. मालकीणबाई कात्री हातात घेऊनच दारात आल्या. अर्धे केस कापलेली एक बाई त्यांच्या मागून डोकावत होती. बाबांनी घोड्यावर बोट ठेवले. बोट घसरले. पुन्हा ठेवले. गाडी हिसका देऊन दोन हात पुढे गेली, थांबली, पुन्हा हिसका, आणि गटाराच्या कडेला जाऊन टेकली. तिसऱ्यांदा त्यांना घोडा सापडलाच नाही. आठ महिने न वापरलेले बोट ते. डॉक्टरांनी सांगितले होते, वापरत राहा.

त्यांनी रिमोट लेकीकडे दिला. "आता खरंच गेला," ते म्हणाले. मग तिच्या डोक्यावर तो कापरा हात ठेवून म्हणाले, "पण तेव्हा नव्हता गेला. तेव्हा होता."

एवढ्या एका वाक्यासाठी आठ महिने लागले, मित्रांनो. ते वाक्य त्याच संध्याकाळी, चार पावलांवर, फुकट मिळत होते.

बाबा पुन्हा टेबलाशी येऊ लागले. आता हात भिंगरीचे आणि कान बाबांचे. ती प्रत्येक बेअरिंग काढून त्यांच्या कानाशी फिरवते, आणि ते "बोलतंय" किंवा "गप्प आहे" एवढेच सांगतात. ते "गप्प आहे" म्हणेपर्यंत ती पाळीला जात नाही. जुने गंजके बेअरिंग त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते. धुवायला टाकताना मालकीणबाई ते काढतात आणि धुतलेल्या सदऱ्यात पुन्हा घालतात.

आणि मी? गेल्या पावसाळ्यात माझी तार जळाली. ज्या उबेचा मला एवढा ताठा होता, ती संपली. कोणती कळ लावा, आता माझ्यातून गार वाराच येतो. चिमट्याची गरज उरली नाही, तरी भिंगरीने तो काढलेला नाही. कोणी माझी स्तुती करीत नाही. पण ओली गाडी आली की आधी मला शोधतात.

तुम्हाला माझे सांगणे थोडके आहे, आणि ते मी विनंती म्हणून करीत नाही, बजावतो. पाण्यातून आणलेली वस्तू वरून हात लावून कोरडी म्हणू नका. बॅटरी काढा, चाके काढा, आतले एकेक बेअरिंग कानाशी न्या. आळस केलात, तर तेही होते कधी, पण मग कोणी दारात उभे राहून "बघितलंस ना?" असे विचारले, तर चपला घालता घालता उत्तर देऊ नका. थांबा. वर बघा. आणि "नाही बघितलं" म्हणा.

चला, उठा आता. दाराशी कोणाची तरी गाडी ओली उभी आहे.